क्वार्टर रिकामं दिसू नये म्हणून

१

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये रिकामं क्वार्टर फार दिवस टिकत नसे. कुटुंब सकाळी ट्रक भरून गेलं की दोन दिवसांत नळ जायचे, मग पंखे, मग खिडक्यांच्या चौकटी. कारखान्यातली माणसं कमी होत गेली तशी आमच्या ओळीतल्या बारा क्वार्टरांपैकी सातांची अशी वाट लागली होती. त्यामुळे कोणी चार दिवस बाहेरगावी निघालं तरी घर रिकामं दिसू द्यायचं नाही, असा रिवाजच पडला होता. पायरीवर चपलांचा जोड, मागच्या दोरीवर एखादी साडी, आत बारीक आवाजात रेडिओ, आणि किल्ली शेजारणीकडे. शेजारीण रोज येऊन साडी बदलायची, चपला इकडच्या तिकडे करायची. याला आम्ही राखण म्हणायचो.

मी नीळकंठ मुळावकर. प्लॅनिंग विभागात एकोणतीस वर्षं काढली. कारखान्यात यंत्रं बाकीचे बनवायचे. कुठलं यंत्र कधी बनेल याचे तक्ते मी बनवायचो. मला स्वप्नंसुद्धा रकाने पाडून पडतात, असं माझी बायको नलिनी म्हणायची.

२०१८ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, मी स्वेच्छानिवृत्ती घ्यायचं ठरवलं. विभागातल्या लोकांना वाटलं, हा आता कोलार रोडवर फ्लॅट घेणार आणि संध्याकाळी बिट्टन मार्केटात टोमॅटो दाबून बघत उभा राहणार. मी म्हणालो, आम्ही नेपाळला राहायला चाललो. ते हसले. त्यांच्या लेखी परदेश म्हणजे विमानाचे बारा तास आणि बर्फात काढलेले फोटो. पण तरुणपणी एका जलविद्युत प्रकल्पाच्या उभारणीसाठी मी अकरा महिने तिकडे राहिलो होतो, आणि पोखऱ्याजवळचं बेगनासचं तळं तेव्हापासून डोक्यात होतं. आपल्याला व्हिसा लागत नाही, पाट्या वाचता येतात, हिंदीत भागतं. इथे जी पेन्शन हात आखडून पुरली असती ती तिथे ऐसपैस पुरणार होती. मुलगा उदय हैदराबादला, त्याच्या संसारात. मागे ओढणारं काहीच नव्हतं.

नलिनीला मी सगळा तक्ता समजावून सांगितला. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मी ते हो धरलं. सव्वीस वर्षं मी ते हो धरत आलो होतो आणि काही बिघडलं नव्हतं. मला उरलेली वर्षं तिच्याबरोबर त्या तळ्याकाठी काढायची होती. एकट्यासाठी ते तळं मला नको होतं, हे मी तिला बोलून दाखवलं नाही, पण खरं होतं.

२

आधी महिनाभर राहून बघायचं ठरलं. ट्रायल घेतल्याशिवाय आम्ही साधा पंपसुद्धा बाहेर पाठवत नव्हतो. पण महिनाभर क्वार्टर राखायचं तर एक साडी आणि एक रेडिओ पुरणार नव्हता. चोर बावळट नसतात, लांबून आठवडाभर नजर ठेवून असतात. म्हणून मी आठ दिवसांची रजा टाकली आणि नलिनीचा दिवस लिहून काढायला बसलो.

वहीत तीन रकाने आखले. वेळ, जागा, खूण. सहा दहा, स्वयंपाकघर, दिवा. साडेसहा, रेडिओ. सात वीस, कुकरच्या तीन शिट्ट्या. दहाला धुणं. चारला चहा आणि अंगणात पाणी. मला गंमत वाटायला लागली. इतकी वर्षं जी बाई माझ्या आजूबाजूला वावरत होती तिचा दिवस मी पहिल्यांदाच बघत होतो.

एक नोंद मात्र समजेना. नवाचा भोंगा झाला की मी रोज स्कूटर काढून कारखान्यात जायचो. आता रजेवर होतो, समोर वही घेऊन बसलो होतो, तरी नऊ पाचला नलिनी हात पुसत मागच्या दाराशी गेली. कडीवर हात ठेवून, बाहेर तोंड करून, नुसती उभी राहिली. नऊ नऊला परत आली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, काय करतेस तिथे. ती म्हणाली, काही नाही. मी लिहिलं: नऊ पाच ते नऊ नऊ, मागचं दार, उभी. मला नोंद अर्धवट सोडायची सवय नाही.

"लग्न झाल्यावर एवढं बघितलं असतंत, तर वही लागली नसती," ती शेवटच्या दिवशी म्हणाली. चिडून नाही, हसतच.

दिव्याला आणि रेडिओला मी टायमर बसवले. रोजच्या वापरातल्या सात सुती साड्या नलिनीने राखणीसाठी वेगळ्या काढल्या. कुकरच्या शिट्ट्यांची सोय काही करता येईना, त्या सोडून दिल्या. दुसरी किल्ली आणि तक्त्याची एक प्रत शेजारच्या शोभावहिनी साल्पेकरांना दिली. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, "भाऊजी, यात फक्त नलिनीच तेवढी टाकायची राहिली."

३

बेगनासचा तो महिना फार सुखाचा गेला. गोरखा पलटणीतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांच्या घराचा वरचा मजला आम्ही घेतला होता. खिडकीतून तळं, पलीकडे डोंगर, आणि आभाळ मोकळं असलं तर बर्फाची शिखरं. सकाळी मी फिरून यायचो, येताना पालेभाजी आणायचो. सुभेदार पलटणीतल्या गोष्टी सांगायचे. मला वाटायचं, हे मी दहा वर्षं आधी का नाही केलं.

नलिनी जरा गप्प असायची. खूप झोपायची. जेवणात मीठ कमी पडायला लागलं, मी वरून घालून घ्यायचो. दमलीय, सव्वीस वर्षांचा शीण निघतोय, असं मी स्वतःला सांगितलं. आवडलं का, असं विचारलं की ती मान हलवायची आणि छान हसायची. एवढं गोड ती भोपाळमध्ये कधी हसली नव्हती, हेही माझ्या लक्षात आलं आणि मी खूश झालो.

बाराव्या दिवशी शोभावहिनींचा फोन आला. क्वार्टर ठीक होतं. शेजारच्या रिकाम्या क्वार्टराचा मीटरसुद्धा उपटून नेला, आपल्याला मात्र कुणी हात लावला नाही, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, मान गए तुम्हाला. कुकरच्या शिट्ट्या कशा जमवल्या? सकाळी बरोबर तीन होतात."

मी म्हणालो की ते मी केलेलं नाही. त्या हसल्या, त्यांना वाटलं मी मोठेपणा टाळतोय. फोन ठेवल्यावर मी विचार केला. भिंती पातळ आहेत, आवाज कुठूनही येतो. पलीकडच्या आळीत अजून लोक राहतात. मी नलिनीला सांगितलं. ती खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती.

"बरं आहे की," ती म्हणाली, आणि सोलत राहिली.

४

महिन्याने आम्ही हबीबगंज स्टेशनला उतरलो आणि ऑटोने घरी आलो. पायरीवर चपलांचा जोड होता, तो दाराकडे टाचा करून होता. नलिनी अशाच काढायची. शोभावहिनींनी बारकाईने लक्ष घातलेलं दिसतंय असं मला वाटलं आणि बरं वाटलं.

महिनाभर बंद घराला एक कोंदट वास येतो. आमच्या घराला मोहरीच्या फोडणीचा येत होता. ओटा पुसलेला होता. कढीपत्त्याच्या बुंध्याशी माती ओली होती. मी आधी टायमर बघायला गेलो, कारण माझ्या दृष्टीने तेच महत्त्वाचं होतं. दोन्ही टायमर सव्वादोनवर बंद पडलेले. शोभावहिनी किल्ली द्यायला आल्या तेव्हा मी विचारलं. त्यांनी सांगितलं की चौथ्याच दिवशी दुपारी व्होल्टेजचा मोठा झटका आला होता, त्यांचा फ्रिजसुद्धा जळाला.

मी म्हटलं, म्हणजे तेव्हापासून दिवा लागलाच नसणार.

"लागत होता की. सहा दहाला लागायचा, उजाडलं की बंद." मग त्या जरा अवघडल्या. पाय मुरगळल्यामुळे मधले दहा दिवस त्या आल्याच नव्हत्या, हे त्यांना कबूल करायचं होतं. साड्या मात्र रोज बदललेल्या दिसायच्या, म्हणून त्यांना वाटलं की मी आणखी कुणाला तरी सांगून ठेवलंय, आणि त्यांचा थोडा अपमानही झाला होता. मी सांगितलं की दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. मग दोघांनीही विषय बदलला.

हे सगळं होईपर्यंत नलिनी दाराबाहेरच उभी होती. पिशवी हातात तशीच होती. मी म्हणालो, आत ये ना. तेव्हा ती आली आणि चपला काढून भिंतीकडे, एका बाजूला, पाहुण्यांच्या चपला असतात तिथे ठेवल्या. चहा करायला गेली तर साखरेचा डबा तिला सापडेना. तिसरं कपाट उघडल्यावर सापडला. मी तिला चिडवलं की एका महिन्यात नेपाळी झालीस.

५

निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि रजा पुष्कळ शिल्लक होती, म्हणून मी बराचसा वेळ घरीच असायचो. आम्ही बांधाबांध सुरू केली. बांधाबांधीत एक सुख असतं. खोकी, दोऱ्या, यादी. मी यादी करायचो, नलिनी वस्तू आणून द्यायची. कुठलीही वस्तू टाकायची म्हटली की ती लगेच हो म्हणायची. तिच्या आईचा पितळी डबासुद्धा तिने चटकन देऊन टाकला. मला हायसं वाटलं, कारण याच गोष्टींवरून रडारड होईल अशी माझी धास्ती होती.

एका सकाळी आम्ही पुढच्या खोलीत पुस्तकं बांधत होतो. नलिनी माझ्यासमोर, दोरीचं टोक धरून. मागच्या दाराची कडी वाजली. मी घड्याळ बघितलं. नऊ पाच.

वारा, असं मी म्हटलं. नऊ नऊला आवाज थांबला. वारा चार मिनिटांनी घड्याळ बघून थांबत नाही हे मलाही कळत होतं. मी उठून गेलो तेव्हा नऊ दहा झाले होते. दार बंद होतं, कडी लावलेली. कडीला हात लावला तर पितळ कोमट होतं. सकाळचं ऊन त्या दारावर पडत नाही.

मग मी जे एकोणतीस वर्षं केलं तेच केलं, एकेक कारण काढून टाकत गेलो. टायमर काढले. रेडिओ खोक्यात भरला. कडीला तेल दिलं. शेवटी वहीतली ती पानं फाडली आणि जाळली, जरा ओशाळून, कारण कागदाचा काय दोष. तरी सहा दहाला स्वयंपाकघराच्या दाराखालून उजेड यायचा आणि मी पोचेपर्यंत नसायचा. आमचा कुकर खोक्यात बांधलेला होता आणि सात वीसला तीन शिट्ट्या व्हायच्या. मला भीती वाटत होती. पण खरं सांगायचं तर त्या आवाजांनी घर भरल्यासारखं वाटायचं, आणि ते मला आवडतही होतं.

पानं जाळल्यानंतर आणखी एक झालं. वहीत नसलेल्या गोष्टी ऐकू यायला लागल्या. सकाळी नऊ नऊनंतर, कडीचा आवाज थांबला की, आतल्या खोलीत कुणीतरी गुणगुणायचं. शब्द नाहीत, नुसती चाल, आणि मधेच एक छोटी गिरकी, ती जमली की पुन्हा तीच. आवाज नलिनीचा होता. पण सव्वीस वर्षांत नलिनीला गुणगुणताना मी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसा, त्या वेळी मी रोज कारखान्यात असायचो. आठवडाभर वही घेऊन बसलो होतो तेव्हा ती गप्प राहिली असणार.

मी समोरच्या नलिनीकडे बघितलं. ती सुतळीची गाठ मारत होती.

"तुला काही ऐकू येतंय का?" मी विचारलं.

"तुम्हाला येतंय का?" ती म्हणाली. आणि मी काय उत्तर देतो याची वाट बघत राहिली, म्हणजे तिलाही तेच देता येईल.

६

जायच्या आठवड्यात शोभावहिनी निरोप द्यायला आल्या. नेहमीप्रमाणे मागच्या दाराने. मी पुढच्या खोलीत बँकेचे कागद लावत होतो. आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. वहिनींचं मोठ्याने बोलणं, नलिनीचं हलक्या आवाजातलं, मधे हसणं, पेल्यांचा आवाज. भिशीतल्या बायका, कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपण, गच्चीवर वाळत टाकलेल्या वड्या. अर्धा तास तरी चाललं. मला समाधान वाटलं. जाताना मनात काही न ठेवता चाललीय असं वाटलं.

वहिनी निघाल्या तेव्हा मला सांगायला पुढे आल्या. डोळे पुसत होत्या, पण चेहरा खुश होता.

"बरं झालं भाऊजी, तुम्ही समजून घेतलं," त्या म्हणाल्या. "नलिनी म्हणाली आत्ता, मी काही जात नाही, इथेच राहते म्हणून. माझा तर जीव भांड्यात पडला. इतक्या वर्षांची सोबत."

मी काही बोलायच्या आत फाटक वाजलं. नलिनी बाहेरून येत होती. कागदांच्या नादात मी विसरलोच होतो, तिला मी तासाभरापूर्वी बिट्टन मार्केटात पाठवलं होतं, प्रवासाला कुलपं आणायला. हातात कापडी पिशवी, पिशवीत कुलपं, कपाळावर घाम नाही. शोभावहिनींनी तिच्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. त्या पुढच्याच दाराने, भिंतीला हात लावत, घरी गेल्या आणि आम्ही असेपर्यंत पुन्हा आल्या नाहीत.

मी स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर दोन पेले होते, दोन्ही रिकामे, तळाशी चहाची पूड. त्या रात्री झोपताना मी नलिनीला म्हणालो, तुला मनापासून यायचं नसेल तर अजून सांग. हे मी पहिल्यांदाच विचारत होतो आणि उत्तराची मला खरोखर भीती वाटत होती.

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली, आणि गोड हसली.

७

क्वार्टर ताब्यात घ्यायला इस्टेट ऑफिसचा गोविंद सकाळी साडेआठला आला. भला माणूस, पान खाणारा. त्याच्याकडे यादी होती. पंखे तीन, नळ पाच, खिडक्यांच्या काचा सगळ्या. तो म्हणाला, साहेब, या आळीत इतकं धड क्वार्टर आम्ही पाच वर्षांत घेतलेलं नाही. मी सही केली. सामान आधीच गेलं होतं, ऑटो फाटकाशी उभी होती आणि नलिनी बॅगा घेऊन आत बसलीसुद्धा होती. राखणीसाठी काढलेल्या त्या सात साड्या मला कुठेच सापडल्या नव्हत्या. आदल्या दिवशी तिला विचारलं तर म्हणाली, "त्या इथल्या आहेत, राहू द्या."

नवाचा भोंगा झाला. गोविंदने खोल्यांतून एक चक्कर मारली, बाहेर आला आणि कुलूप हातात घेऊन पायरीवर थांबला.

"साहब, मैडम से कह दीजिए, बाहर आ जाएँ," तो म्हणाला. "ताला लगाना है."

मी ऑटोकडे बघितलं. नलिनी बसलेली होती, पदर खांद्यावरून घेतलेला. मग मी एकटाच आत गेलो.

रिकाम्या घरात आपल्याच पावलांचा आवाज मोठा येतो. पुढची खोली, मधली खोली, भिंतींवर कॅलेंडरांचे पांढरे चौकोन. स्वयंपाकघराच्या दारात मी थांबलो. मागचं दार उघडं होतं आणि बाहेरच्या उजेडात ती पाठमोरी उभी होती. सातांतली पिवळी साडी, मोरपंखी काठ. कमरेशी ओला डाग, जिथे ती नेहमी हात पुसायची. केसांची गाठ सैल. एक हात कडीवर.

ती ऐकत होती. हे मला तेव्हा कळलं, आणि इतक्या उशिरा कळलं याची आजही लाज वाटते. त्या दारातून कारखान्याचा रस्ता ऐकू येतो. स्कूटर मैदानाला वळसा घालून, पाण्याच्या टाकीपाशी वळून, दिसेनाशी होईपर्यंत चार मिनिटं लागतात. ती रोज तो आवाज पार विरेपर्यंत ऐकायची. मग कडी लावायची आणि तिचा दिवस सुरू व्हायचा, जो वहीत नव्हता.

आज स्कूटर नव्हती. ऑटोचं इंजिन तेवढं धडधडत होतं. ते जायची ती वाट बघत होती. खांदे सैल होते. मानेवरून कळत होतं की चेहऱ्यावर हसू असणार, आणि ते मी कधी बघितलेलं नसणार.

हाक मारावी, असं अगदी ओठांवर आलं. नलू, चल. तिने वळून बघितलं असतं. तिने मान थोडी हलवलीही, कानामागची बट आणि गालाची कड दिसली. तेवढ्यात मला वाटलं की मी हाक मारली आणि ती नाही म्हणाली तर. समोरासमोर, तोंडाने, नाही. हे मला कधी ऐकावं लागलं नव्हतं. बाहेर जी बसली होती ती तसं कधीच म्हणणार नव्हती.

मी उलट्या पावलांनी बाहेर आलो.

"आत कोणी नाही," मी गोविंदला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि कुलूप लावलं. ऑटो सुरू झाली. पाण्याच्या टाकीपाशी वळताना मी घड्याळ बघितलं नाही.

८

आम्हाला इथे येऊन आता दीड वर्ष झालं. तळं तसंच आहे. मी फिरतो, सुभेदारांबरोबर बुद्धिबळ खेळतो, परसात मुळे लावलेत. तब्येत ठणठणीत आहे. सुखी आहात का असं कुणी विचारलं तर मी हो म्हणतो आणि ते बहुतेक खरंच असतं.

मधे शोभावहिनींनी मुलीकडून एक निरोप लिहवून पाठवला. तेवढाच. त्यांचं आणि आमचं सोडून ओळीतली सगळी क्वार्टरं आता गेली, दारंसुद्धा राहिली नाहीत. आमचं अजून कुणाला दिलेलं नाही आणि त्याच्या एकाही नळाला कुणी हात लावलेला नाही. दोरीवर साडी असते. त्या आता घाबरत नाहीत, दुपारी मागच्या दाराने जाऊन बसतात.

ते वाचल्यावर मी एक नवी वही आणली. इथल्या नलिनीचा दिवस लिहायचा, नीट, न सांगता, असं ठरवलं. तीन रकाने आखले. आठ दिवस बसलो. आठव्या दिवशी पानं उलटली तर त्यात मी सांगितलेली कामं होती. चहा कर म्हटल्यावर चहा. झोप म्हटल्यावर झोप. मी फिरायला जाऊन येईपर्यंतच्या वेळेत काय होतं हे बघायला एकदा अर्ध्या वाटेतून परतलो आणि खिडकीतून डोकावलो. ज्या खुर्चीत, जशी बसवून गेलो होतो, तशीच ती बसली होती. मी आत गेल्यावर हसली.

आज सकाळी नऊ वाजता तिने नेहमीप्रमाणे विचारलं, जेवायला काय करू. मी वही मिटली आणि म्हणालो, "आज तुला हवं ते कर, नलू. तुला स्वतःला जे हवं ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. आता संध्याकाळ होत आली आहे, तळ्यावरचा उजेड गेला आहे. ती अजून तिथेच उभी आहे.